सुट्टींतील अभ्यास : किती व कोणासाठीं ?

दिवाळीची अथवा उन्हाळ्याची सुट्टी लागण्याच्या दिवशीं फळ्यावर सुट्टींतील अभ्यासाची यादी लिहिली जाते, आणि त्याच सायंकाळपासून तिच्याविषयीं पालकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "मास्तर, अभ्यास भरपूर द्या, नाहीं तर पोरगा दिवसभर मोबाईल घेऊन बसतो." दुसरा म्हणतो, "सहा महिने त्यांच्या मागें लागलां, आतां चार दिवस तरी पोरांना मोकळें सोडा." दोन्ही पक्षांचे पालक आमच्याकडे येतात, दोघेही मुलांच्या हिताचेंच बोलतात, आणि गंमत अशी कीं पुष्कळदां एकाच घरांतील आई एका पक्षाची व वडील दुसऱ्या पक्षाचे असतात. तेव्हां या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार या अंकांत करावा असें आम्हांस वाटलें. विद्यार्थ्यांनींही हा लेख अवश्य वाचावा. ज्यांच्याविषयीं वाद चालतो त्यांसच त्याची खबर नसावी हें बरें नव्हे.

प्रथम वेळेचा हिशेब पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं झाला, त्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांस वर्षांतून किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांस २२० दिवस व १,००० तास अध्यापन झालें पाहिजे असें ठरविलें आहे. वर्षाचे एकंदर तास होतात ८,७६०. म्हणजे सहावींतील मूल आपल्या आयुष्याचा जेमतेम नववा हिस्सा शिक्षकांपुढें घालवितें. बाकीचे आठ हिस्से झोप, घर, गल्ली, शेत, बाजार व मित्रमंडळी यांच्या वांट्यास जातात. या आठ हिश्शांत मूल कांहींच शिकत नाहीं असें समजणें हा शिक्षकांचा अहंकार होय, आणि त्या आठ हिश्शांचीही जबाबदारी शाळेनेंच घ्यावी असें म्हणणें हा पालकांचा आळस होय. सुट्टींतील अभ्यासाचा प्रश्न या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

सुट्टींत मुलें शिकलेलें विसरतात, हें अभ्यास देणाऱ्यांचें मुख्य म्हणणें. तें खोटें नाहीं. विसरण्याचें शास्त्रीय मोजमाप जर्मनींतील हेर्मान एबिंगहाउस या गृहस्थानें केलें व तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें प्रयोग केले ते स्वतःवरच. निरर्थक अक्षरगटांच्या माळा पाठ करावयाच्या, मध्यें ठराविक काळ जाऊं द्यावयाचा, आणि त्याच माळा पुन्हां पाठ करतांना पहिल्यापेक्षां किती श्रम वांचतात तें पाहावयाचें, अशी त्याची रीत होती. एका तासानें पाहतां निम्म्याहून कमी श्रम वांचले. एका दिवसानें सुमारें एकतृतीयांश. परंतु एकतीस दिवसांनंतरसुद्धां एकपंचमांशाहून किंचित् अधिक श्रम वांचतच होते. म्हणजे विस्मृतीची घसरण आरंभीं कड्यासारखी व पुढें माळासारखी असते. सुट्टीच्या चौथ्या आठवड्यांत मुलास सतराचा पाढा आठवेना म्हणून घाबरून जाणाऱ्या आईनें हें ध्यानांत घ्यावें. जें गेलें तें बहुतेक आरंभींच गेलें आहे. शिवाय पाढा कांहीं निरर्थक अक्षरगट नव्हे, त्यास अर्थ व क्रम आहे, म्हणून तो थोड्या उजळणीनें लौकर परत येतो.

त्याच पुस्तकांतील दुसरी एक गोष्ट आमच्या विषयास अधिक लागू पडते. बारा अक्षरगटांची माळ एकाच बैठकींत ६८ वेळां घोकून जो परिणाम साधला, तोच परिणाम तीन दिवसांत वांटून केवळ ३८ वेळां घोकल्यानें साधला. आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांतल्या मनांत उत्तर द्यावें : सुट्टीची वही तुम्ही कोणत्या पद्धतीनें भरतां ? सगळी सुट्टी कोरी ठेवून, शाळा उघडण्याच्या आदल्या तीन रात्रीं जागून, बोटें दुखेपर्यंत लिहिणारे बहुसंख्य असतात. त्या तीन रात्रींच्या श्रमांपैकीं जवळजवळ निम्मे श्रम, एबिंगहाउसच्या हिशेबानें, व्यर्थ होत. मुलें आळशी असतात म्हणून हें घडतें असें आम्ही म्हणणार नाहीं. आम्ही मोठीं माणसें वीजबिल कोणत्या दिवशीं भरतों तें आम्हांस ठाऊक आहे.

सुट्टीमुळें किती नुकसान होतें याचा शोध अमेरिकेंत पुष्कळ झाला आहे. हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं अशा ३९ संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. उन्हाळी सुट्टीनंतर मुलें सरासरीनें सुमारें एका महिन्याच्या शिक्षणाइतकीं मागें पडतात, व ही घसरण आंकडेमोड आणि स्पेलिंग यांत सर्वांत अधिक असते, असें त्यांस आढळलें. वाचनाची गोष्ट निराळी होती. सुस्थितींतील घरांतील मुलें सुट्टींत वाचनांत थोडीं पुढेंच गेलीं, व गरीब घरांतील मुलें मागें पडलीं. कारण उघड आहे. गुणाकार-भागाकार कोणत्याच घरीं फारसे होत नाहींत, म्हणून त्यांत सगळेच घसरतात. पुस्तकें मात्र कांहीं घरीं असतात व कांहीं घरीं नसतात. या निष्कर्षांस पुढें शंकाही घेतल्या गेल्या. २०१९ सालीं पॉल फॉन हिप्पेल यांनीं दाखवून दिलें कीं, श्रीमंत व गरीब मुलांतील अंतर सुट्ट्यांमुळें वाढत जातें असें जें जुन्या आंकड्यांवरून दिसे, तें बरेंचसें त्या वेळच्या परीक्षांच्या गुणमापनाच्या रीतीमुळें दिसत होतें. नव्या परीक्षांत तसें दिसलें नाहीं, आणि तें अंतर मूल शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच बहुतांशीं पडलेलें असतें. शिवाय तिकडील उन्हाळी सुट्टी दोन-अडीच महिन्यांची, आमची साधारण सहा आठवड्यांची. तेव्हां "सुट्टींत सगळें धुऊन जातें" ही भीति अतिशयोक्तीची आहे. आंकडेमोड गंजते आणि पुस्तक नसलेल्या घरांत वाचन गंजतें, एवढें मात्र आमच्या रोजच्या अनुभवाशीं जुळतें.

गृहपाठाचा उपयोग वयाप्रमाणें बदलतो, हेंही याच कूपर यांच्या २००६ सालच्या दुसऱ्या आढाव्यांत आलें आहे. सातवीपासून पुढील वर्गांत गृहपाठ आणि प्रगति यांचा संबंध स्पष्ट दिसतो. खालच्या वर्गांत तो फार क्षीण आहे. हा वाद आजचा नव्हे. कॅलिफोर्नियांत १९०१ सालीं पंधरा वर्षांखालील मुलांस घरीं अभ्यास देण्यास कायद्यानें बंदी झाली होती, व १९१७ सालीं ती उठली. आमच्या देशांत मद्रास उच्च न्यायालयानें २०१८ च्या मे महिन्यांत पहिली-दुसरीच्या मुलांस गृहपाठ देऊं नये असा हुकूम दिला; आणि केंद्र सरकारनें २०२० सालीं दप्तराच्या ओझ्याविषयीं जें धोरण प्रसिद्ध केलें त्यांत दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पांचवीस आठवड्यास फार तर दोन तास, सहावी ते आठवीस दिवसास फार तर एक तास, व त्यापुढें दोन तास, अशी मर्यादा सांगितली आहे. हें मान शाळा चालूं असतांनाचें आहे. सुट्टींतील कामानें तें ओलांडूं नये हें सांगावयास दुसऱ्या परिपत्रकाची आवश्यकता आम्हांस वाटत नाहीं.

आतां आमच्या टेबलावर येणाऱ्या वह्यांकडे वळूं. कारण संशोधकांचे आढावे कितीही चांगले असले तरी वही खोटें बोलत नाहीं. पानाच्या डोक्यावर "५ मे", "६ मे", "७ मे" अशा तारखा असतात, आणि तिन्ही दिवसांचें अक्षर एकाच बाजूस कललेलें, शाई एकाच पेनाची, खाडाखोड एकाच दमाची असते. पहिलीं चार पानें सुवाच्य, मधलीं चालतील अशीं, व शेवटचीं वाऱ्यावर सोडलेलीं. भावाच्या वहींत बहिणीचें अक्षर असतें. बहिणीच्या वहींत भावाचें अक्षर आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं, त्याचाही विचार पालकांनीं करावा. "माझी सुट्टी" या विषयावरील निबंधांत अलीकडे निराळीच मौज दिसूं लागली आहे. ज्या मुलानें तालुक्याची हद्द ओलांडलेली नाहीं तो समुद्राच्या लाटांचें वर्णन करतो, आणि त्याच लाटा त्याच शब्दांत पुढच्या बांकावरील मुलाच्या वहींतही उसळत असतात. मोबाईलवर प्रश्न टाकला कीं यंत्र दोन क्षणांत निबंध लिहून देतें. त्यांत ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नसते. आणि आजीही नसते, शेजारचा कुत्रा नसतो, मामानें केलेली थट्टा नसते. असा निबंध लिहून घ्यावयास वही कशाला व सुट्टी तरी कशाला ?

प्रकल्प नांवाच्या प्रकाराविषयीं आम्हांस थोडें कठोर लिहावें लागत आहे. मूळ कल्पना उत्तम : मुलानें हातानें कांहीं करावें, डोळ्यांनीं पाहावें, स्वतः मांडावें. पण ती घरीं पोंचेपर्यंत तिचें काय होतें तें पाहा. जूनच्या पहिल्या आठवड्यांत स्टेशनरीच्या दुकानांपुढें वडिलांची रांग लागते. चित्रांचे छापील तक्ते, रंगीत कागद, पुठ्ठा, चकचकीत फीत, आणि शेवटीं झेरॉक्सच्या दुकानांतून माहितीचे छापील कागद, असा सगळा खर्च होऊन जें तयार होतें त्यांत मुलाचें काम कातरी चालविण्यापुरतें. रोजंदारीवरील बापास ते दोनशे-तीनशे रुपये म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग होय. आणि त्या दोनशे रुपयांची सजावट पाहून आम्हीं गुण अधिक द्यावे, तर आम्हीं गुण कोणास दिले ? मुलास कीं दुकानदारास ?

याउलट एक वही आमच्या चांगली स्मरणांत आहे. आठवींतील एका मुलीची ती वही. यादींतील एकही प्रश्न तिनें सोडविलेला नव्हता. तिची आई उन्हाळ्यांत कुरडया करून विकते. त्या मुलीनें महिनाभर आईचा हिशेब लिहिला होता : गहूं किती भिजविले, तीन दिवसांनीं चीक किती निघाला, कुरडया वाळल्यावर वजन किती भरलें, गॅस किती दिवस पुरला, दुकानदारानें किलोस काय दिलें, आणि आई पहांटे किती वाजतां उठली व किती वाजतां तिचें काम संपलें. शेवटच्या पानावर भागाकार होता. आईस तासामागें तेवीस रुपये सुटत होते. भागाकार आम्हीं दोनदां तपासला. तो बरोबर होता. तो आंकडा आईला दाखविल्यावर तिनें पुढच्या खेपेस किलोमागें चाळीस रुपये वाढवून मागितले व दुकानदारानें तीस दिले, असें त्या मुलीनें आम्हांस मागाहून सांगितलें. नफा-तोटा, सरासरी, वजन-मापें हें सगळें आम्हीं वर्गांत शिकविलें होतें. तें घरांतील परातींत व पाटींत उतरलेलें आम्हीं प्रथम त्या वहींत पाहिलें. नियमाप्रमाणें तिला त्या यादीचे गुण शून्य मिळावयाचे होते. तो नियमच वाईट होता.

अशा कामास सुट्टीच लागते. शाळेच्या तासांत तें होत नाहीं. याचें दुसरें उदाहरण आकाशांतील घ्या. आपल्या महाराष्ट्रांत वर्षांतून दोन दिवस असे येतात कीं मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यांत नाहींशी होते. त्यांतील पहिला दिवस मे महिन्यांत येतो. दक्षिणेस सावंतवाडीकडे तो पहिल्या आठवड्यांत, पुण्यास १३-१४ तारखेच्या सुमारास, मुंबईस त्यानंतर दोन दिवसांनीं, आणि नागपुरास २६ च्या आसपास. दुसरा दिवस पावसाळ्यांत येतो, तेव्हां आभाळ बहुधा झांकलेलें असतें. म्हणजे ही गोष्ट पाहण्याची खरी संधि उन्हाळ्याच्या सुट्टींतच. सामग्री एक सरळ काठी, ओळंबा लावावयास दोरी व दगड, आणि खडू. आठ दिवस आधींपासून रोज मध्यान्हींच्या सावलीच्या टोंकाशीं खूण करावी. पुण्यामुंबईकडे खरी मध्यान्ह घड्याळांत बारास न होतां साडेबाराच्या सुमारास होते, हें मुलाच्या आपोआप लक्षांत येईल, आणि "असें कां ?" हा प्रश्न तें जूनमध्यें घेऊन येईल. भूगोलाच्या शिक्षकास याहून अधिक काय पाहिजे ? पुढें मृग नक्षत्र लागल्यावर पहिला पाऊस कोणत्या दिवशीं पडला, पावशा केव्हां ओरडूं लागला, विहिरीचें पाणी किती हात खालीं गेलें होतें, या नोंदी खेड्यांतील मूल शहरांतील मुलापेक्षां चांगल्या करील. त्याला वरचढ होण्याची संधि देणारा अभ्यास शाळेंत विरळाच असतो.

दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात. बुरूज, तटबंदी, पाण्याचें टांकें, वर हळीवाची हिरवळ, शिखरावर शिवाजीमहाराज. कोणत्या गडास किती दरवाजे यावरून वाद होतात व मोठ्या भावाकडे निकाल मागितला जातो. हा अभ्यास कोणीही दिलेला नसतो, म्हणूनच तो होतो. त्यास गुण ठेवले कीं प्लास्टरचा तयार किल्ला बाजारांतून विकत येईल. कोणत्या गोष्टीस शाळेनें हात लावूं नये, हेंही शिक्षकांनीं ओळखलें पाहिजे.

वाचनाविषयीं फार लिहावयास नको. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या "मनोरंजन" मासिकानें दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि तेव्हांपासून मराठी घरांत दिवाळी व वाचन यांची गांठ पडली आहे. ज्या घरीं अंक येतो तेथें तो मुलांस दाखवावा. ज्या घरीं येत नाहीं त्यांच्यासाठीं बालभारतीचें "किशोर" मासिक १९७१ पासून निघत आहे, व ज्या मोबाईलची आपण तक्रार करतों त्याच मोबाईलवर त्याचे जुने अंक फुकट वाचावयास मिळतात. वाचलेल्या गोष्टीवर प्रश्नोत्तरें मात्र लिहावयास सांगूं नयेत. गोष्ट वाचून झाल्यावर "तात्पर्य काय ?" असें विचारल्यानें किती मुलांचें वाचन सुटलें असेल तें देवच जाणे.

आतां एक शाळेच्या घरची गोष्ट सांगतों. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास जो शिक्षक देतो तोच तपासतो, कारण वर्ग तोच असतो. उन्हाळ्याचें तसें नाहीं. आमच्याकडील पुष्कळ शाळांतून निकाल मेच्या आरंभीं लागतो, मूल वरच्या वर्गांत जातें, व सहावीच्या शिक्षकांनीं दिलेली वही सातवीच्या शिक्षकांपुढें येते. तें काम आपण दिलेलें नाहीं म्हणून ते एक तांबडी रेघ व सही करून ती परत देतात. मुलाच्या हें पहिल्याच वर्षीं ध्यानांत येतें. जें काम कोणी वाचणार नाहीं तें देणें ही मुलाची फसवणूक होय, आणि त्यास तें उत्तम कळतें. म्हणून उन्हाळ्याचा अभ्यास वरच्या वर्गाच्या शिक्षकांनींच द्यावा, अथवा देऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कांहीं मुलांस मात्र कोणतीच यादी लागू पडत नाहीं. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचीं कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात व साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाची दिवाळीची सुट्टी सुरू होते, पण संपत नाहीं. त्यांच्यासाठीं कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. तरी कोपीवर राहून धाकट्या भावंडांस सांभाळणाऱ्या मुलीस तेथें जाणें नेहमींच साधतें असें नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कोसबाड येथें गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. मुलें जेथें गुरें चारीत तेथेंच शाळा गेली. आमच्या हायस्कुलास तितकें साधणारें नाहीं, पण मूल जेथें जाईल तेथें एक पुस्तक जाऊं शकतें.

हें सगळें ध्यानांत घेऊन येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून आमच्या सहावी ते आठवीच्या वर्गांस पुढीलप्रमाणें काम देण्याचें आम्हीं ठरविलें आहे. पांचवीच्या वर्गास कांहींच नाहीं. आठवड्यांतून चार दिवस रोज पांच उदाहरणें, एका वेळीं वीस मिनिटांहून अधिक नाहीं. शाळेच्या ग्रंथालयांतून मुलानें स्वतः निवडलेलें एक पुस्तक, ज्यावर कांहीं लिहावयाचें नाहीं. आणि घरांत, शेतांत किंवा दुकानांत होणाऱ्या एखाद्या कामाची मोजदाद, फार तर चार पानें, ज्यासाठीं एक रुपयाही खर्च करावयाचा नाहीं. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत तीं पानें वर्गांत मोठ्यानें वाचलीं जातील. पालकांस विनंती एवढीच कीं उदाहरण चुकलें तर चुकूं द्यावें. तें दुरुस्त करण्यासाठीं आम्हांस पगार मिळतो. आणि जीं मुलें आईबापांबरोबर तोडीस जाणार असतील त्यांनीं सुट्टी लागण्यापूर्वीं ग्रंथालयांतून एका ऐवजीं तीन पुस्तकें न्यावींत. परत करण्याची तारीख त्यांवर घातलेली नसेल. पुस्तक हरवलें तर दंड नाहीं. तें कोठें हरवलें व त्यापूर्वीं किती जणांनीं वाचलें, एवढें मात्र आल्यावर सांगावें.